तीन सायकली, एक मोटर-किट: एक्सल कुठल्या सायकलचा जुळेल? (इंदूर)

सुदामानगरकर

मंडळी, नमस्कार.

ऑफिस सुपर कॉरिडॉरवर, घर सुदामानगरात. रस्ता जवळजवळ सपाट, पूल सोडले तर चढ असा नाहीच. सायकलने जाता येतं, पण एप्रिल-मेमध्ये पोचेपर्यंत शर्टाचं पोतेरं होतं. म्हणून सायकलला मोटरचं किट लावायचं ठरवलंय. तयार ई-सायकल नको. घरात तीन सायकली आधीच उभ्या आहेत, चौथी आणली तर मलाच बाहेर उभं राहावं लागेल.

पहिली बाबांची काळी, 28 इंची, दांडीच्या ब्रेकची. दुसरी मुलीची 26 इंची एमटीबी (माउंटन बाईक): स्टीलची फ्रेम, पुढे शॉकअप, मागे सात गिअर, दोन्हीकडे डिस्क ब्रेक. मुलगी शिकायला पुण्याला गेली, सायकल इथेच राहिली. तिसरी माझी 29 इंची, अ‍ॅल्युमिनियमची, दोन्ही चाकांना थ्रू एक्सल (चाकाच्या मधून आरपार घालायचा दांडा).

किटं बरीच पाहिली. सगळीकडे वॉट आणि व्होल्ट ठळक अक्षरात, त्याखाली चाकाचा आकार. एक्सलबद्दल चकार शब्द नाही. एका विक्रेत्याला फोन करून विचारलं तर म्हणाला, "सर, कुठल्याही सायकलला बसतं, डोळे मिटून घ्या." इतक्या खात्रीने बोलला की मी डोळे उघडे ठेवायचं ठरवलं.

स्वतः किट बसवलेलं कुणी आहे का इथे? तिघींपैकी कुठली निवडू?

गोंद्या

काळी मला द्या, प्रश्न एकतृतीयांश सुटेल.

(रुमाल टाकून ठेवतोय. मलाही हेच करायचंय.)

पाना_अठरा

सुदामानगरकर, किट नंतर. आधी चाकं काढा आणि मोजा.

हबचे (चाकाच्या मधल्या तुंब्याचे) नट आतून जिथे टेकतात तिथे फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) दोन पायांमधलं अंतर. टायरपाशी नव्हे, अगदी खाली. तसंच मागच्या फ्रेमचं. मग एक्सल ज्या खाचेत बसतो तिची रुंदी. खाचेभोवतीच्या पत्र्याची जाडी. आणि तो पत्रा स्टीलचा की अ‍ॅल्युमिनियमचा, हे लोहचुंबक लावून पाहा, रंगावर जाऊ नका. कंपासपेटीतली पट्टी चालणार नाही, व्हर्नियर लागेल. इथे एका मिलिमीटरने गाडं अडतं.

सुदामानगरकर

शेजारचे काका पिथमपूरला कारखान्यात होते, त्यांच्याकडून व्हर्नियर आणला. व्हर्नियरबरोबर काकाही आले. मापं त्यांनीच घेतली, मी टॉर्च धरला.

काळी: पुढे आतलं अंतर 92 च्या आसपास, खाच 8. मागे 112, खाच साडेनऊ. पत्रा स्टील.
एमटीबी: पुढे 100, खाच 9, शॉकअपच्या खालच्या नळ्यांना चुंबक चिकटत नाही. मागे 135, खाच 10, स्टील, पत्रा चांगला 6 मिमी जाड.
माझी: पुढे 100, पण खाच नाहीच, 15 मिमीचं बंद भोक. मागे 142 आणि 12 मिमीचं भोक.

काकांचं मत: "काळीलाच लाव, ती आपल्या दोघांनंतरही राहील."

पाना_अठरा

काकांना नमस्कार सांगा. पण काळीचं नंतर बोलू.

साध्या हबमधला एक्सल नुसता वजन झेलतो. तो गोल असला तरी बिघडत नाही, कारण त्याला फिरवणारं कुणी नसतं. हब-मोटरचं तसं नाही. तिच्यात तारांची गुंडाळी असलेला भाग एक्सलवर घट्ट बसवलेला असतो आणि बाहेरचं कवच चाकासकट फिरतं. मोटर चाकाला पुढे रेटते तेव्हा एक्सल तितक्याच जोराने उलटा फिरू पाहतो. त्याला फिरू द्यायचं नाही, म्हणून त्याच्या दोन बाजू तासून सपाट केलेल्या असतात आणि त्या सपाट बाजू खाचेच्या भिंतींना टेकतात.

छोट्या गिअरवाल्या मोटरींना बहुधा एम 12 चे आटे असतात, सपाट बाजूंमधलं अंतर 10 मिमी. बिनगिअरच्या मोठ्या मोटरींना एम 14, सपाटी तिथेही साधारण 10 चीच. म्हणजे खाच 10 ची हवी. आता तुमची मापं पाहा. क्विक रिलीजच्या (पान्याशिवाय, हाताने चाक सोडवायच्या सोयीच्या) जमान्यात पुढचा एक्सल 9 मिमीचा आणि मागचा 10 चा असं जगभर ठरून गेलं. त्यामुळे मागची मोटर सरळ आत जाते आणि पुढची एका मिलिमीटरने अडते. किट बनवणाऱ्यांना हे माहीत असतं. काही जण पुढच्या मोटरची सपाटी कमी करून देतात, पण खोक्यावर लिहीत नाहीत. मागवण्याआधी "एक्सलच्या सपाट बाजूंमधलं अंतर किती" एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुकान बदला.

अंतराचं म्हणाल तर पुढच्या मोटरी 100 साठी आणि मागच्या 135 साठी येतात. तुमची एमटीबी मागे 135 आणि 10 आहे. मागचं किट तिच्यासाठीच बनवलेलं आहे असं समजा.

पुढे शॉकअपच्या खालच्या नळ्या अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमच्या ओतीव असतात. तिथे मोटर लावू नका. किटमध्ये काय येतं आणि यूट्यूबवर कोण काय दाखवतं त्याकडे दुर्लक्ष करा.

रेवाकाठचा

वडोदऱ्याहून. पानाभाऊ, इतकं घाबरवू नका लोकांना. माझ्या एमटीबीला पुढेच मोटर आहे, 250 वॉट, अ‍ॅल्युमिनियमचा फोर्क, 9 ची खाच कानशीने घासून 10 केली. अर्ध्या तासाचं काम. मांडवी ते अलकापुरी रोज जातो. काही झालेलं नाही.

पाना_अठरा

रेवाकाठचा, झालेलं नाही हे चांगलंच आहे. पण हिशेब मांडू.

26 इंची चाकाची त्रिज्या धरा 0.33 मीटर. ताशी 25 किलोमीटरला 250 वॉटची मोटर चाकावर साधारण 12 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. एवढाच असता तर मी काही बोललोच नसतो. पण सिग्नलवरून सुटताना कंट्रोलर जास्त करंट सोडतो, गिअरवाल्या मोटरचा टॉर्क 30-40 पर्यंत जातो. 40 धरा. हा सगळा जोर 10 मिमी रुंदीच्या दोन सपाट कडांवर येतो. 40 भागिले 0.01 म्हणजे 4000 न्यूटन, चारशे किलोच्या वजनाइतका. खाच दर वेळी तेवढ्या ताकदीने उघडू पाहते. स्टील थोडं वाकून परत येतं, किंवा वाकलेलं राहतं आणि तुम्हाला दिसतं. ओतीव अ‍ॅल्युमिनियम हजारो वेळा गप्प बसतं, आत बारीक चीर वाढत जाते आणि एके दिवशी पात्याचा (खाचेभोवतीच्या पत्र्याचा) तुकडा पडतो. मग एक्सल गरकन फिरतो, वायर पिळून तुटते, आणि चाक पुढचं असेल तर ते फोर्कमधून बाहेर येतं.

कानशीने घासल्यावर पाता तेवढा बारीक झाला, शिवाय कानशीचे ओरखडे म्हणजे चिरेला आयतं निमंत्रण. टॉर्क आर्म (एक्सल फिरू नये म्हणून त्याला धरून फ्रेमला किंवा फोर्कला टेकणारी पट्टी) लावलाय का तुम्ही?

रेवाकाठचा

नाही. किटमध्ये दाताचे वायसर होते, ते लावलेत.

पाना_अठरा

दात खाचेच्या बाजूला आत गेलाय ना? बरेच जण तो बाहेरच्या बाजूला ठेवून नट आवळतात, मग त्याचा उपयोग शून्य. आणि तुमच्या फोर्कच्या पात्यावर बाहेरून उंच कडा आहे का? क्विक रिलीजच्या फोर्कांना असते, चाक निसटू नये म्हणून. मोटरचा मोठा वायसर त्या कडेवर तिरपा टेकतो, नट आवळला की सगळा दाब एका कोपऱ्यावर. त्यासाठी खोलगट भागात मावणारा सी आकाराचा वायसर मिळतो. मोटर काढणार नसाल तर निदान एवढं आज बघा.

रेवाकाठचा

कडा आहे. वायसर तिरपाच बसलाय. बघतो. पण फोर्क बदलण्याचं मला अजून पटलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

अनघा_तिलकनगर

मी दोन पावसाळे मागच्या मोटरवर काढलेत, शाळेत शिकवते, तिलकनगर ते भंवरकुआं. पानाभाऊंचं सगळं खरं, पण रोज चालवणाऱ्याला भलत्याच गोष्टी नडतात, त्या सांगते.

मोटर बसली की तुमचं क्विक रिलीज गेलं. आता दोन जाडजूड नट. किटप्रमाणे 18 किंवा 19 चा पाना कायम पिशवीत हवा. पंक्चरवाल्याकडे एवढा मोठा पाना बहुधा नसतो, त्याच्याकडे ओळीने 15 पर्यंतचे असतात. माझा पंक्चरवाला शहाणा आहे, तो चाक काढतच नाही, टायर एका बाजूने उचलून ट्यूब बाहेर ओढतो आणि तिथेच ठिगळ लावतो. तरी चाक काढायची वेळ आलीच तर आधी मोटरचा जोड सोडवा. त्या गोल जोडावर बाण असतात, बाणाला बाण लावून सरळ दाबायचा, पिळायचा नाही. आतल्या पिना वाकल्या की मोटर जागच्या जागी थरथरते आणि सगळे म्हणतात मोटर जळली.

वायर एक्सलच्या टोकातून बाहेर येते. ती खालच्या बाजूला वळवून ठेवायची, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून ओघळून खाली पडतं. वर ठेवली तर पाणी सरळ मोटरच्या पोटात. आपल्या इकडे जुलैमध्ये जवाहर मार्गावर जे साचतं ते पाहता हे फार महत्त्वाचं.

आणि नट. पहिले काही दिवस रोज हात लावून बघा. रंगाचा थर दबतो आणि नट ढिले पडतात. रंग खरवडून पाता उघडा केला तर हे कमी होतं.

गोंद्या

अनघाताई, वेगाचं काय? पोलीस धरतात का?

अनघा_तिलकनगर

मला अजून कुणी अडवलेलं नाही. दोन पोलिसांनी किंमत विचारली.

माळवी_नियमवाला

धरण्याचा प्रश्न कुठे येतो ते सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 2(यू). मोटरची तीस मिनिटांची (सलग अर्धा तास देता येईल अशी) शक्ती 250 वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असेल तर ते मोटार वाहनच धरलं जात नाही. मग नोंदणी नाही, परवाना नाही. बाजारात 350 आणि 500 वॉटच्या मोटरी सर्रास मिळतात. त्या लावल्या की तुम्ही या सवलतीबाहेर. अपघात झाला तर तुमची सायकल कायद्याच्या नजरेत नोंदणी नसलेली मोटारगाडी ठरू शकते, तेव्हा जपून.

टोरांटोकर_मूळचा_रामबागेतला

थ्रू एक्सलवाल्या सायकलबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

साधं किट तिला बसणार नाही. घासून नाही, ठोकून नाही, कसंच नाही. भोक 15 चं आहे आणि मोटरचा एक्सल 12 चा, मग आत बुश घालून बसवू असं वाटतं. इथेही लोकांनी करून पाहिलंय. अडचण दोन जागी येते. थ्रू एक्सलच्या फोर्कला खालून खाच नसते, चाक वर सरकवून पोकळ हबमधून एक्सल आरपार घालायचा असतो. साध्या मोटरचा एक्सल हबला कायमचा जोडलेला, दोन्हीकडे बाहेर आलेला, तो बंद भोकात शिरणार कुठून? आणि समजा फोर्क फाकवून शिरवला, तरी वायर एक्सलच्या टोकातून निघते, तिला बाहेर पडायला वाट नाही. वर भोक गोल, म्हणजे सपाट बाजूंना टेकायलाही काही नाही.

यावर उपाय म्हणजे पोकळ एक्सलची मोटर. कॅनडात व्हँकूवरची ग्रिन टेक्नॉलॉजीज 'ऑल-अ‍ॅक्सल' नावाची हब-मोटर बनवते. तिच्यात वेगवेगळ्या मापांचे अडॅप्टर बदलून लावता येतात, वायर फोर्कच्या आतल्या बाजूने निघते आणि टॉर्क आर्म मोटरबरोबरच येतो. काम उत्तम आहे. पण मागवणावळ आणि कस्टम धरून तुमच्या सायकलपेक्षा महाग पडेल.

शिवाय थ्रू एक्सलमध्येही एक माप नाही. पुढे 15 बाय 100, 15 बाय 110, रोडसायकलींना 12 बाय 100. मागे 12 बाय 142, 12 बाय 148. तुमची 15-100 आणि 12-142 दिसते.

ती सायकलच वापरायची असेल तर हबचा नाद सोडून पेडलपाशी बसणारी मोटर बघा. बाफांगची बीबीएस मालिका फ्रेममधल्या, पेडलचा एक्सल असतो त्या 68 ते 73 मिमीच्या आटेवाल्या खोबणीत बसते. चाकं, एक्सल, डिस्क, काही हलवावं लागत नाही. पण आधी खालची खोबण आटेवाली आहे की दाबून बसवलेल्या बेअरिंगची, ते तपासा. चेन आणि गिअर लवकर झिजतात, हे धरून चला.

सुदामानगरकर

टोरांटोकर, धन्यवाद. रामबागेतले म्हणजे आपलेच. माझी 29 इंची यादीतून बाद. रविवारी रालामंडलला न्यायला ती तशीच राहू दे, मोटरशिवाय.

आता काळीचं बोला, काका रोज विचारतायत.

मुरारकर

ग्वाल्हेरहून लिहितोय. काळीवर मी प्रयोग करून बसलोय, त्यामुळे हक्काने बोलतो.

काळी सायकल म्हणजे जुन्या इंग्रजी मापांचं घर. पुढचा एक्सल अडीच सूत, मागचा तीन सूत. मिलिमीटरमध्ये साधारण 7.9 आणि 9.5. सुदामानगरकरांची मापं तंतोतंत हीच आहेत. मागची खाच 9.5, म्हणजे अर्धा मिमी कानस मारली की 10 चा एक्सल बसेल, स्टील आहे, भीती नाही. मागचं अंतर 112 आणि मोटर 135. तेही स्टीलच असल्याने फ्रेम थंड अवस्थेतच दोन्ही बाजूंनी सारखी फाकवता येते. पण 23 मिमी म्हणजे थोडंथोडकं नाही. दोन्ही पाय समांतर राहिले पाहिजेत, नाहीतर नट तिरपे बसतात आणि एक्सल वाकतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला हे कधीच करू नये, ती तडकते.

पण खरी गोम एक्सलमध्ये नाहीच, ती आऱ्यांत आहे. काळीच्या पुढच्या रिमला 32 भोकं, मागच्या रिमला 40. मोटरचा हब बहुधा 36 चा. ना पुढे जुळत, ना मागे. मग म्हणाल किटची तयार रिम लावू. ती 700 सी, म्हणजे टायर जिथे बसतो तिथला व्यास 622 मिमी. काळीच्या 28 बाय दीडच्या रिमचा तोच व्यास 635. टायर बदलणार, ते ठीक. पण दांडीचे ब्रेक रिमला आतून, आऱ्यांच्या बाजूने वर ओढून लागतात. किटच्या रिमचा आकार त्यासाठी नाही, आणि तेरा मिमीच्या फरकाने ब्रेकचे गुटके जागा सोडतात. ब्रेकशिवाय मोटर, किती मजा!

मूळ रिमवर चाललं तरी भिजलेल्या क्रोमच्या रिमवर दांडीचे ब्रेक किती धरतात हे ज्याने काळी पावसात चालवली त्याला विचारा.

शेवटी मी हब-मोटर सोडली आणि साखळीवाली एमवाय 1016 झेड लावली, 24 व्होल्ट, 250 वॉट. ती मागच्या चाकाशेजारी पट्टीवर बसते आणि वेगळ्या चेनने चाक फिरवते. मूळ एक्सल, मूळ रिम, मूळ आरे जागच्या जागी. दोष असे: घरघर करते, चेन ढिली पडते, कार्बन ब्रश झिजतात. किल्ल्याच्या चढावर दम टाकते. पण सपाट रस्त्याला बाजारहाटापुरती छान आहे. ब्रेक मात्र मी मागे वेगळा लावून घेतला.

पिथमपूरचे_काका

मी तेच काका. खातं काढून दिलं. मुरारकरांचं पटलं. 32 आणि 40 चा मुद्दा माझ्या ध्यानात यायला हवा होता, असो. काळीला हात लावायचा नाही.

टॉर्क आर्म मी करून देतो. 6 मिमीची प्लेट घेईन, सांवेर रोडला लेझर कटिंगवाले आहेत. खाच किती ठेवू? 10.2?

पाना_अठरा

काका, 10.2 जास्त होईल. प्रत्येक वेळी मोटर सुरू-बंद झाली की एक्सल त्या मोकळ्या जागेत मागेपुढे आपटणार आणि खाच गोल होत जाणार. 10 ला कापून घ्या, मग प्रत्यक्ष एक्सल हातात धरून बारीक कानशीने बसेल तेवढंच घासा. हातोडीची हलकी टिचकी मारून आत जायला हवा. आधी किट येऊ द्या, एक्सल व्हर्नियरने मोजा. 10 लिहिलेले काही 9.8 पण निघतात.

लांबी कंजूषपणे ठेवू नका. मघाचाच हिशेब: एक्सलपाशी 4000 न्यूटन, पण 100 मिमी लांब आर्म फ्रेमच्या नळीला जिथे टेकतो तिथे फक्त 400. चाळीस किलो. स्टीलची नळी आणि चांगला क्लिप ते आरामात झेलतात. मडगार्डच्या बारीक बोल्टवर तो जोर देऊ नका.

तुमच्या मागच्या खाचेची भिंत 6 मिमी स्टीलची आहे, 250 वॉटला आर्मशिवायही चाललं असतं. तरी लावा, एका बाजूला पुरे. ब्रेक दाबल्यावर बॅटरी भरणारी बिनगिअरची मोटर असती तर जोर उलटसुलट येतो आणि नट आपोआप सैल होतात. तिथे मी दोन्ही बाजूंना आर्म लावायला सांगितला असता. गिअरवाल्या मोटरच्या आत फ्रीव्हील (एकाच दिशेने जोर देणारी यंत्रणा) असल्याने तो प्रश्न येत नाही.

सुदामानगरकर

ठरलं मग. मुलीची एमटीबी, मागचं किट, 36 व्होल्ट 250 वॉट गिअरवाली मोटर, 10 अँपिअर-अवरची बॅटरी. पुण्याला फोन करून रीतसर परवानगी घेतली. अट अशी की स्टिकर काढायचे नाहीत.

गिअरचं काय करायचं? मोटरचे फोटो पाहिले, एकीवर आटे दिसतात, दुसरीवर लांबट खाचा.

अनघा_तिलकनगर

आटेवाली म्हणजे स्क्रू फ्रीव्हीलची (गिअरचक्रांचा गठ्ठा आट्यांवर फिरवून बसतो), खाचांची म्हणजे कॅसेटची (गठ्ठा खाचांवर सरकवून बसतो). सात गिअरच्या आपल्याकडच्या एमटीबींना बहुतेक स्क्रू फ्रीव्हीलच असतं. मेकॅनिककडून काढून घ्या, तेच मोटरवर चढेल. काढायला विशिष्ट खोबणीचा पाना लागतो, तो त्याच्याकडे असतो. कॅसेटची मोटर चुकून मागवू नका, तुमचं फ्रीव्हील तिच्यावर चढणारच नाही.

टोरांटोकर_मूळचा_रामबागेतला

बॅटरी 360 वॉट-अवरची झाली. पेडल मारत गेलात तर किलोमीटरला 10 ते 15 वॉट-अवर धरा. जाऊन-येऊन सहज भागेल. ऑफिसात चार्जिंग लावलंच पाहिजे असं नाही.

सुदामानगरकर

किट आलं. सपाट बाजू काकांनी मोजल्या, 10.0. खाचेत असा बसला की काका स्वतःच खूश. आर्म झाला, नट आवळले, वायर खाली वळवली. चाक एका बाजूला थोडं सरकलेलं होतं, मेकॅनिकने आरे ओढून आउट (चाकाचा वाकडेपणा) काढला आणि मध्यावर आणलं.

आता अडचण. डिस्क लावली, कॅलिपर (डिस्कला दाबणारा ब्रेकचा भाग) लावला, चाक फिरवलं तर खर्र. मोटरचं कवच फुगीर आहे, ते कॅलिपरला घासतंय. उजवीकडे शेवटचं छोटं चक्र फ्रेमला जेमतेम सुटतंय, चेन तिथे आली की तीही लागेल. मेकॅनिक म्हणतो कॅलिपर घासून बारीक करू.

पाना_अठरा

मेकॅनिकच्या हातून कानस काढून घ्या!

दोन्हींचं औषध एकच जातीचं. डिस्क आणि मोटर यांच्यामध्ये सहा भोकांची 2 मिमीची चकती घाला, डिस्क बाहेर सरकेल, तिच्यामागे कॅलिपरही तेवढाच बाहेर घेता येईल आणि कवचापासून सुटेल. मूळ बोल्ट वापरू नका, चकतीच्या जाडीएवढे लांब घ्या, नाहीतर दोन-तीन आट्यांवर डिस्क लटकेल. कॅलिपर मूळ पट्टीवर सरकला नाही तर पट्टीखाली बारीक वायसर.

उजवीकडे एक्सलवर आतल्या बाजूने एक 12 मिमी भोकाचा वायसर टाका, छोटं चक्र फ्रेमपासून दूर जाईल. पण तो टाकला की हबचं अंतर 135 चं 137 होईल. स्टील आहे, हाताने फाकवून बसेल. चाक परत मध्यावर आणायला मात्र लागेल. म्हणून आउट शेवटी काढायचा असतो, तुम्ही आधी काढलात, त्याचे पैसे दोनदा जाणार. 😄

सुदामानगरकर

चकती महाराणी रोडला मिळाली नाही, सियागंजातही नाही. काकांनी लेथवाल्याकडून करून आणली. लांब बोल्ट मात्र सियागंजात मिळाले. खर्र बंद. चेन फ्रेमला लागायची थांबली. आउट परत काढला, मेकॅनिकने दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत, उलट आर्म कुठून आणला म्हणून विचारत होता.

काल ऑफिसला नेली. पुलावर थोडा पेडल मारावा लागला, बाकी शर्ट कोरडा. संध्याकाळी येऊन नट पाहिले, डावीकडचा थोडा फिरला. अनघाताई, तुम्ही म्हणालात तसंच.

अनघा_तिलकनगर

अजून आठवडाभर बघत राहा. आणि आता आवळताना टॉर्कचा पाना वापरा, 40 न्यूटन-मीटरच्या आसपास. पाय देऊन आवळू नका, पोकळ एक्सलचे आटे जातात.

रेवाकाठचा

माझा अहवाल. सी वायसर आणून लावले, काढताना पाता नीट पुसून पाहिला. चीर दिसली नाही. पण खाचेच्या एका भिंतीवर एक्सलच्या कडेने दाबून केलेला स्पष्ट ठसा आहे, नखाला लागतो. स्टीलचा साधा फोर्क शोधतोय, 26 इंची, डिस्कच्या टॅबसह. वडोदऱ्यात कुणाला माहीत असेल तर सांगा.

पाना_अठरा

घेताना त्याचीही खाच मोजा. 9 ची असेल तर स्टीलला कानस मारायला हरकत नाही, दोन्ही भिंती सारख्या घासा, तळ नको. तळ खोल गेला तर डिस्क कॅलिपरशी जुळणार नाही. आर्म दोन्ही बाजूंना. आणि फोर्क मिळेपर्यंत थ्रॉटलने सुटू नका, दोन पेडल मारून मग मोटर.

छोटी_चाकं

उशिरा आलो. माझ्याकडे 20 इंची घडीची सायकल आहे, पुढे मोजलं तर 74 मिमी. इथल्या कुठल्याच मापात बसत नाही. 100 ची मोटर घेऊन फोर्क फाकवू का?

पाना_अठरा

नाही! घडीच्या सायकलींना 74 हेच माप असतं आणि त्यासाठी वेगळ्या अरुंद मोटरी येतात. 74 चा फोर्क 100 ला फाकवला तर पाय समांतर राहणारच नाहीत. खाचेची रुंदी, फोर्कचा धातू आणि ब्रेकचा प्रकार लिहून वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल.